कड

ग्युम्रीत, कबरस्तानाच्या चढावर माझं दुकान.
काळा बसाल्ट, टंगस्टनची सुई, एक दिवा.
चाळीस वर्षं मी गेलेल्यांचे चेहरे टोचतो आहे.
टिंबं दाट पडली की उजेड, विरळ सोडली की सावली.
दगडाला करडा रंग ठाऊक नाही,
त्याला फक्त मोजणी कळते.

सिरानुशबाई फेब्रुवारीत आल्या, बुटांना बर्फ,
रुमालात गुंडाळलेला मुलाचा जुना फोन
आणि त्याचा चार्जर,
ज्याची पिन आता गावात कुठेच मिळत नाही.
"ह्यात म्हेर आहे," त्या म्हणाल्या,
डब्यात पीठ आहे म्हणावं तशा.

सारातोव्हमधली कसलीशी अर्धी इमारत, मागे क्रेन,
आणि पुढे तो.
एकशे साठ ठिपके रुंद, एकशे वीस उंच,
त्यातले निम्मे आभाळावर खर्च झालेले.
फोनच्या काचेवर तो नीट हसत होता.
मी त्याला दगडाच्या मापाचा केला
आणि हसू पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरलं.
जबडा करवतकाठी.
खांदा म्हणजे कठडा नसलेला जिना.
कान चार चौकोनांचा.
डोळ्यातली चमक एकाच पांढऱ्या घराची,
बोटाने झाकली की म्हेर नाहीसा व्हायचा,
उचललं की परत.

"सोपं आहे, काका," माझा पुतण्या नोराइर म्हणाला.
दोन पायऱ्यांच्या मधे मधला रंग भरायचा,
खोटा, पण मऊ.
संध्याकाळपर्यंत त्याने सगळं वळणावर आणलं:
गाल तुळतुळीत, भुवईचा केस न् केस,
जो त्या फोनने कधी पाहिलाच नव्हता तोसुद्धा.
सिरानुशबाईंनी चष्मा पुसला, लावला, बराच वेळ पाहिलं.
"देखणा आहे," त्या म्हणाल्या.
"कोणाचा?"

अठ्ठ्याऐंशीच्या भूकंपानंतर
फोटोच उरले नव्हते कोणाकडे.
तेव्हा मी शिकाऊ. उस्ताद सांगायचे,
भावाचं नाक घे, आत्याची हनुवटी घे, दे जोडून.
एकानेही तक्रार केली नाही.
म्हणून मला वाटायचं, लोकांना चेहरा हवा असतो,
कोणताही, कडेने नीट बंद केलेला.

आता कड घ्यायची कोणाची?
म्हेर असा पायऱ्यांचा नव्हता, हे तर उघड आहे.
पण पाच वर्षं ती बाई रोज रात्री
ह्याच पायऱ्या उतरून त्याच्यापर्यंत गेली होती.

नोराइरची फाइल मी बंद केली
आणि हाताने सुरुवात केली, घर मोजून, घर सोडून.
हात वाईट सवयीचा. जिथे कोपरा हवा तिथे गोल होतो,
जसं बोलताना अवघड शब्द आपण गिळतो.
दर तासाला त्याला दटावत होतो:
आडवं जा. थांब. आता सरळ खाली.
सव्वीस दिवस लागले.

दगड उभा राहिला मार्चमध्ये, चिखलात.
फाटकापासून पाहिलं की पायऱ्या एकमेकींत मिटायच्या
आणि एक तरुण माणूस कोणाला तरी पाहून हसायचा.
जवळ जावं तसा तो सुटत जायचा,
नाकाशी नाक नेलं तर नुसती टोचलेली भोकं.
सिरानुशबाई फाटकाशी थांबल्या नाहीत.
थेट गेल्या, हातमोजा काढला,
जबड्यावरून बोट फिरवलं, एक एक पायरी,
मग कानाशी अडल्या.

"चार होते," त्या म्हणाल्या. "तू पाच केलेस."

मी मोजले. पाच होते.
दगडावर खोडरबर चालत नाही,
हे त्यांना कसं सांगावं, मी शब्द शोधत होतो.
वरच्या अंगाला कोणीतरी फावडं आपटून चिखल झाडत होतं.
त्यांनी हातमोजा परत चढवला, बोट बोट नीट बसवून.
"राहू दे," त्या म्हणाल्या.
"जरा जास्त ऐकू येईल त्याला."