दोन नंबरची अधिकारी

खाडीपलीकडची शाळा. माझं काम शाई लावायचं.
साडेअकराला यशोदा भुवड आल्या,
रातांबे फोडता फोडता उठून,
दहाही बोटं जांभळी.

एजंट म्हणाला, मॅडम, नीट बघून घ्या.
मी बोट फडक्यानं पुसलं. नुसतं कोकम.
“दोन दिस जात नाय गो,
तुजी तरी ऱ्हाईल काय?”

लेक नालासोपाऱ्याला, त्याचा टप्पा पाचवा.
आपला तिसरा.
“म्हंजे तो माज्या मागनं? पयल्यांदाच,”
म्हणाल्या, आणि पुठ्ठ्याच्या आडोशाला गेल्या.
बीप वाजायला बराच वेळ लागला.

संध्याकाळी ओहोटीनं होडी चिखलात रुतवली.
पोलिसानं बूट गळ्यात अडकवले.
मशीन मांडीवर घेऊन भरतीची वाट बघत बसलो,
आत सहाशे बारा जण गप्प.
मोजणीला अजून अठ्ठावीस दिवस;
तोवर त्यांची सालं आगळात भिजून, उन्हं खाऊन
आमसुलं होतील, बरणीत जातील,
लेकाची पिशवी भरेल.

घरी मध्यरात्री हात धुताना दिसला
माझ्याच अंगठ्यावर जांभळा डाग.
साबणानं जाईना.
हुंगून बघितला.
किंचित आंबट.