पाणसळ

आर्वोने नेलं ते सगळं रीतसर नेलं,
यादी करून, दोन खेपांत, भावाच्या ट्रेलरमधून.
शेडच्या भिंतीवर मागे राहिल्या
काळ्या रंगाने आखलेल्या आकृत्या:
इथे रंधा, इथे करवत, इथे पाच पटाश्या
उतरत्या भाजणीने.
हत्यारं गेली, सावल्या तेवढ्या खिळ्यांना टांगलेल्या.

मी एकोणतीस वर्षं बस चालवली,
कुहमो ते कायानी, आणि परत.
उणे तीसमध्ये स्वस्तातला वायपर
कुठल्या वळणावर दगा देतो
ते मला कुणी शिकवायला नको.
तरी दुकानात इल्पोसमोर उभी राहिले
आणि पाय जड झाले.

एकीकडे एकोणचाळीस युरोत सहा पटाश्या,
लाल प्लास्टिकच्या मुठी, खेळण्यासारख्या.
दुसरीकडे एकच, बर्चच्या मुठीची.
किंमत अशी की मी चिठ्ठी उलटी करून पाहिली,
मागे काही सूट लिहिलीय का.
(आमच्या भाषेत आर्वो म्हणजे मोल.
हे नाव ठेवणाऱ्या सासूबाई फार काटकसरी होत्या.)
डबीवर लिहिलेलं: आजीवन हमी.
"कोणाचं आजीवन?" मी विचारलं, "पटाशीचं की माझं?"
इल्पो पावतीचा रोल बदलत राहिला.
मग हळूच म्हणाला, "स्वस्तातलंच घे, आउने.
जे मोडेल, ते तू वापरतेस.
तेवढंच मग चांगलं घे."
दुकानात नोकरी करणाऱ्याने असं बोलू नये.

ड्रिलची बॅटरी नोव्हेंबरातच गारठली.
स्वेटरच्या आत, पोटाशी धरून
मी तिला ऊब द्यायचे, दोन भोकांपुरती.
करवत पाइनच्या गाठीवर रुसायची.
पटाशीची धार पुठ्ठ्यासारखी दुमडली
म्हणून मी धार लावायला शिकले,
रोज, कॉफी होईपर्यंत, दगडावर पाणी शिंपडून.
ती बर्चवाली घेतली असती
तर बहुधा डबीतच जपली असती.

कानस मात्र अजून कोरी आहे.
भिंतीवर तिची जागा होती म्हणून घेतली.

करत होते एक बाक.
लेंतीइराच्या फाट्यावर सेल्मा असायची,
दर गुरुवारी, उभीच, पिशवी दोन्ही हातांत.
आता तिथे बस थांबत नाही, सेल्माही नाही.
पण थांब्याला बाक नाही हे मला
स्टिअरिंगमागून एकोणतीस वर्षं दिसत होतं.

बाक डुगडुगला.
एक पाय कापला, तर दुसरीकडे डुगडुगला.
तो कापला. मग तिसरा.
बाक हळूहळू बालवाडीत जायला लागला.
शिव्या घातल्या गुण्याला, करवतीला,
त्या एकोणचाळीस युरोंना,
आणि जाता जाता आर्वोला.
नाचता न येणाऱ्याचं अंगण, मला ठाऊक होतं.

शेवटी जमिनीवर पाणसळ ठेवली,
सात युरोंची, पिवळी.
बुडबुडा खिडकीकडे पळाला.
फिरवून उलटी ठेवली, स्वस्तातल्यावर विश्वास कसला.
पुन्हा खिडकीकडेच.
दोन हात सरकून ठेवली, तर दाराकडे.
सात युरोंचं ते पोर खरं बोलत होतं:
अंगण खरंच वाकडं होतं.
किती हिवाळे गोठत गोठत
जमीन मधोमध फुगत गेली असेल,
आणि तिच्यावर उभं राहून आर्वो
दोनशे युरोंच्या रंध्याने सपाट करत होता
जे हाताला येईल ते.

बाक बुटकाच राहिला.
फाट्यावर बसून पाहिलं, गुडघे हनुवटीशी आले.
लाकडांचा ट्रक गेला, ड्रायव्हरने हात केला.

एप्रिलमध्ये करवत मोडली.
मग घेतली एक चांगली, किंमत सांगणार नाही.
आर्वोच्या आकृतीत ती आखूड पडते.
भिंतच रंगवावी म्हणून दुकानात गेले.
पांढऱ्याचे दोन डबे होते.
इल्पोने तोंड उघडलं,
मी म्हटलं, थांब, बघू दे मला.