शिल्लक

सोहार बंदराच्या मागं, कंटेनरातलं माझं स्टोअर.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं,
बादली भरली की समजायचं, दोन तास झाले.
एकवीस वर्षं मी इथं गॅस्केट मोजतोय,
आलेले निळ्या शाईनं, गेलेले लाल.
मार्चपासून रजिस्टर बंद, असं साहेब सांगून गेला
आणि जाताना चहाचा कप रजिस्टरवरच ठेवून गेला.

हिशेबखात्यातली टेसी म्हणाली, होडेकरभाई,
तो प्रोग्रॅम तुम्हीच का नाही लिहीत?

क्लास म्हणजे साचा, ती म्हणाली.
आमच्याकडे अच्चप्पमचा असतो, लोखंडी, फुलासारखा.
पिठात बुडवायचा, तेलात धरायचा.
साचा कुणी खात नाही.
मी मान हलवली, आणि रात्री खोलीवर
बाकीचे तिघं झोपल्यावर
पुतण्याच्या जुन्या लॅपटॉपवर पहिला साचा लिहिला:
क्लास गॅस्केट.
आत त्याचा आकार, त्याचा रॅक, त्याची शिल्लक.
एक महिरपी कंस उघडा राहिला
तर सगळं पान लाल.
तो सापडायला पाऊण तास गेला.
हर्णैला जाळ्यातला तुटका फास शोधायला
अब्बा एवढाच वेळ लावायचे,
शिव्याही एवढ्याच.

दुसऱ्या रात्री मेथड.
नाव ठेवलं ‘काढ’.
कंसात आकडा द्यायचा, शिलकेतून तेवढे वजा.
चालली!
नऊ होते, चार काढले, पाच.
पुन्हा चार. एक.
पुन्हा चार.
वजा तीन.

मी चष्मा पुसला.
वजा तीन गॅस्केट रॅकवर
हाताला कसे लागतील?
कॉम्प्युटरनं हूं की चूं केलं नाही.
मागितले, दिले.
नव्हते तेही दिले.

हे कुठंतरी पाहिलं होतं मी.
धाकटीचं लग्न, घरावरचा स्लॅब, भावाची रिक्षा,
मग त्याच भावाची दुसरी रिक्षा.
फोन यायचा, कंसात आकडा असायचा,
मी वजा करायचो.
खाली किती उरलं ते विचारणारी ओळ
माझ्यात कुणी लिहिलीच नव्हती.
मीही नाही.

तिसऱ्या रात्री ‘जर’ शिकलो.
जर मागणी शिलकेपेक्षा कमी, तर दे.
नाहीतर छाप: शिल्लक नाही.
चार मागून पाहिले. शिल्लक नाही.
शंभर मागितले. शिल्लक नाही.
मग उगाच आणखी सहा-सात वेळा मागितले,
वाचायला बरं वाटत होतं.

सकाळी टेसीनं पाहिलं. छान, म्हणाली, पण एक चूक आहे.
एकच उरला असेल आणि कुणी एकच मागितला
तर तुमची मेथड देत नाही.
‘कमी किंवा समान’ हवं. एक चिन्ह राहिलंय.

मी टेबलाचा खालचा खण ओढला.
तीन इंची, सहा इंची, आठ इंची,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला प्रत्येकाचा एक.
रजिस्टरात असलेला, रॅकवर नसलेला.
पंप फुटतो तो रात्री अडीचलाच फुटतो, बाई.
शेवटचा कुणाला द्यायचा नसतो.

ती खणाकडे बराच वेळ बघत राहिली.
बरं, म्हणाली, पण वर कॉमेंट तरी लिहा एक,
नाहीतर पुढं वाचणाऱ्याला वाटेल, विसरलात.

काय लिहावं, तेच सुचत नाहीये.
बादली भरलीय.