आटणं

आधी दीडपट विणायचं,
नेगीबाई म्हणाल्या होत्या, दापोलीला, शिवणाच्या वर्गात.
पाय दहा इंची तर मोजा पंधरा इंची,
मग कढत पाण्यात घालून रगडायचा
विणीचे डोळे मिटेपर्यंत.
त्यांच्या माहेरी बर्फ. त्यांना ठाऊक.

मुबीनचा पाय दहा इंची.
त्याची बोट सध्या अशा समुद्रात आहे
जिथे थंडीने पाण्यातून वाफ निघते म्हणे.
लोकर त्यानेच पाठवली, कुठल्याशा बंदरातून:
चार लड्या पांढऱ्याशुभ्र,
आणि दोन मळकट, पिवळ्या,
फुकटच मिळाल्या असाव्यात.
गवताची एक काडीसुद्धा होती त्यांत.

मी पांढरी घेतली. कोण नाही घेणार?
रमजानचा अख्खा महिना दुपारी विणलं,
खाऱ्या वाऱ्याने सुया गंजतात
म्हणून त्यांना खोबरेल चोळून.
शबाना बघून हसली,
चाची, हे मोजे की सोललेल्या नारळांची पोती?

मग पाणी.
आमची विहीर मचूळ, साबण फेस धरत नाही,
नासल्या दुधासारखा फुटतो.
वरच्या आळीतून चार हंडे आणले,
चुलीवर तपेलं चढवलं,
गोधड्यांच्या दगडावर रगडलं.
गरम, गार, पुन्हा गरम.
धोपाव्याची फेरीबोट तीनदा आली, तीनदा गेली.
मोजा मापला. पंधरा.

दुसऱ्या दिवशी साबण बदलला.
तिसऱ्या दिवशी पाणी.
चौथ्या दिवशी बदलायला हातच उरले होते,
म्हणून शबानाचे लावले.
मोजा उलट मऊ पडला, सैलावला.
साडेपंधरा.

इथे तर सगळं आटतं.
मे महिन्यात विहीर आटते,
ईदच्या पहाटे शीरखुर्म्याचं दूध आटतं,
मुबीनचे अब्बा गेले तेव्हा मी
दोन महिन्यांत माझ्याच कपड्यांत आटले.
ही एक पांढरी
पाण्याचं काही मनावर घेत नाही.

नेगीबाईंना फोन लावला.
किती पांढरी, त्यांनी विचारलं.
कफनासारखी, हे ओठावर आलेलं गिळून
मी म्हटलं, मिठासारखी.
मग बरोबर, त्या म्हणाल्या,
पांढरी करता करता गिरणीत
तिच्या केसावरचे खवले गेले असतील.
खवले असले की ते एकमेकांत अडकतात.
गुळगुळीत झालेलं कोण कोणाला धरणार?

खवले.
लोकरीलाही असतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
जन्मभर मी ते विळीवर खरवडून फेकत आले,
बोयटाचे, तामोशीचे.
वाळल्यावरही सुटत नाहीत,
उंबऱ्याला, टाचेला,
एकदा तर निकाहला निघालेल्या बुरख्याला.

मळकट लड्या काढल्या.
काडी विणीत आली, येऊ दिली.
तिसऱ्या पाण्याला दगडावर काहीतरी आवळलं,
जणू हाताखाली कोणी मूठ मिटली.
घरभर मेंढीचा वास,
शबाना नाक धरून अंगणात.
मापला. दहा. सव्वादहा म्हणा.
विणीचा एक डोळा उघडा नाही.
वरून पाणी शिंपडलं
तर थेंब बसून राहिला, आत जाईना.

सोमवारी पार्सल गेलं.
पोस्टातल्या शिर्क्यांनी तोललं, तीनशे दहा ग्रॅम,
आणि विचारलं, आत काय?
मी म्हटलं, मोजे.
एवढे जड?

पांढरे दोन्ही घरीच आहेत.
उसवून काहीतरी करीन म्हणते.
एक दोरीवर आहे, या हवेत अजून दमट.
दुसरा उशाशी.
पहाटे पोटऱ्यांत वांब येतात तेव्हा
दोन्ही पाय त्या एकातच घालते.
मावतात.