हातचं राखून

यंत्राला आम्ही नाव ठेवलं नाही.
नावं मात्र पहिल्या आठवड्यात पोटभर ठेवली.
हेल्वे म्हणाली, गार आहे, बेडकासारखं.
मी म्हणालो, आवाज ऐक, फ्रिजमध्ये मांजर कोंडल्यासारखा.
कात्लिन हसली, पट्टे आवळले,
कोपराखाली एक, मनगटाशी एक,
आणि माझ्या बायकोचा उजवा हात
पाळण्यात ठेवावा तसा त्या राखाडी बाहूत ठेवला.

समोर पडदा. पडद्यावर सफरचंदाचं झाड.
सफरचंद तोड, टोपलीत टाक.
एवढंच. दिवसाला दोनशे वेळा.
जिचा उभ्या आयुष्यात एक टाका
मोजताना चुकला नाही,
तिला गुण मिळत होते: नऊ. अकरा. पुन्हा नऊ.

आमच्या हापसालूत शाली विणतात, पांढऱ्या, इतक्या तलम
की अंगठीतून आरपार ओढून घ्याव्यात.
त्या विणीत मधूनमधून गुठळ्या असतात.
एका टाक्यातून सात काढायचे,
पुढच्या ओळीत सातही एकत्र आवळायचे.
गुठळी दिसली की समजायचं, हातानं विणलीय,
यंत्राला हे जमत नाही.
हेल्वेनं अशा किती घातल्या, देव जाणे.
ऑक्टोबरात डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला
आणि तोच शब्द वापरला.
एकच होती. डावीकडे, खोल.

तेव्हापासून हात आखडता.
देण्याघेण्यात नव्हे; तिथं ती अजून उधळी आहे,
शेजारणीला विचारा.
नुसता हात. छातीशी ओढून घेतलेला,
मूठ मिटलेली, जणू आत कुणाचं नाणं आहे.

मग मीच तिचा हात झालो.
पाव कापला, केस विंचरले,
कोटाची बटणं तर ती मान खाली घालायच्या आत
लावून मोकळा.
बावीस वर्षं रेल्वेत सांधे बदलले मी,
गाडी यायच्या आधी रूळ तयार हवा.
आता गावात गाडीच येत नाही.
सवय तेवढी राहिली.

जानेवारीत कात्लिननं मला एक आकडा दाखवला,
पडद्याच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात.
सुरुवातीला यंत्र ऐंशी टक्के भार उचलत होतं.
आज तीस.
'तिला सांगितलंस?'
'नाही. हात हलला की ते आपोआप मागं सरतं.
अडला, तरच पुढं येतं. तेही जरा थांबून.'

जरा थांबून.
मी पाहिलं ते थांबणं.
सफरचंदाच्या चार बोटं अलीकडे हात लटकलेला, थरथरतोय,
हेल्वेच्या कपाळावर घाम, ओठ दाताखाली,
आणि यंत्र, निर्लज्ज, गप्प.
एक. दोन.
मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. तीन.
कुणी हातचं राखून मदत केली
तर त्याला चारचौघांत काय म्हणतात, मला माहीत आहे.
चौथ्याला बोटांनी सफरचंद गाठलं.

दारापाशी कोट. पाच बटणं.
ती पहिल्याशीच झगडत होती.
बाहेर खाडी गोठलेली, बर्फाला भोकं पाडून
माणसं गळ टाकून बसलेली, कुणालाच घाई नाही.
मी बाकावर बसलो, हातावर हात ठेवून.
इतकं जड काम रेल्वेत कधी केलं नव्हतं.

सतरा मिनिटं लागली.
दुसरं बटण तिसऱ्या काजात.
'चल,' ती म्हणाली.
गळ्याशी फट राहिली होती, वारा आत शिरत होता,
मला दिसत होतं.
निघालो.