पाय निघत नाही

डॉक्कमच्या पुलापासून माझं लोकरीचं दुकान
एकशे चाळीस पावलांवर आहे.
हे आता माहीत झालं. तेव्हा नव्हतं.

तेव्हा एवढंच दिसायचं की सीत्से,
कालव्याचे दरवाजे उघडण्यात ज्याचा जन्म गेला,
रोज सव्वादहाला माझ्या काचेसमोर येऊन थांबतो
आणि राखाडी गुंड्यांकडे असा बघतो
जशी काही ती पाण्याची पातळी आहे.
दोन मिनिटं. कधी तीन.
मग टोपी नीट करून पुढे.

पाय निघत नाही बिचाऱ्याचा, मी मनाशी म्हटलं,
आणि छप्पन्नाव्या वर्षी बाईनं करू नये ते केलं:
सोमवारी काच पुसली, मंगळवारी पुन्हा पुसली,
गुंड्यांमागे पिवळा दिवा लावला.
शेजारच्या बेकरीतली नेल्के म्हणाली,
नाताळ लवकर आला का गं यंदा?
आणि हेही म्हणाली की तो चौकातल्या
लग्नाच्या पोशाखांपुढेही असाच उभा असतो,
तिथली पोरगी एकदा बाहेर आली, मुलीसाठी का, म्हणून.
हो म्हणाला.
त्याला मुलगी नाही.

नोव्हेंबरातल्या वाऱ्यात मी एक गुंडी घेऊन बाहेर गेले.
हात तर लावून बघा.
त्यानं बघितलंही नाही तिच्याकडे.
"बाउक्ये, लोकरीतलं मला काही कळत नाही.
पोटरी आहे. डावी.
आतून कुणी ओल्या दोराला घालावा तसा पीळ घालतं.
उभा राहिलो की सुटतो.
पण भर रस्त्यात नुसतं उभं राहायची लाज वाटते.
काचेपुढे राहिलं, की कुणी विचारत नाही."

आमच्याकडे या दुखण्याला शोकेसचे पाय म्हणतात.
लहानपणापासून ऐकत होते हा शब्द.
कधी कुणाच्या पायात पाहिला नव्हता.

दवाखान्यात दंडाला पट्टा बांधला, मग घोट्याला,
दोन्हीकडचा दाब शेजारी शेजारी मांडला.
घोट्याचा कमी भरला.
वाट अरुंद झालीय, डॉक्टरीण म्हणाली,
हातानं वळलेल्या सिगारेटींची चाळीस वर्षं.
"मग गाळ काढा," तो म्हणाला. त्याला तेवढंच माहीत.
ती हसली. वेळ आली तर तेही करू.
आधी सिगारेट सोडा, गोळ्या घ्या, आणि चाला.
दुखेपर्यंत चाला, थांबा, पीळ सुटला की पुन्हा चाला.
सीत्सेनं मला हे सांगितलं तेव्हा
तो फसवल्या गेलेल्या माणसासारखा दिसत होता.

पण चालला.
डिसेंबरात माझ्या दारापाशी, वहीत पावलं लिहीत.
जानेवारीत बेकरीपाशी; नेल्के त्याला कॉफी द्यायची,
मला राग यायचा.
एकदा चिडून वहीच कालव्यात टाकली, नवी आणली.
मार्चमध्ये माझ्या काचेवरून सरळ पुढे गेला.
दोन बोटं टोपीला लावली. थांबला नाही.

मी आतून टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.
मग स्टुलावर बसले थोडी.

राखाडी गुंड्यांचा काचेकडचा रंग उडालाय.
असा माल कुणी घेत नाही.
तो कधीतरी म्हणाला होता, डावं पाऊल
रात्री उजव्यापेक्षा गार पडतं.
मोजे सारख्या रंगाचे होणार नाहीत.
डाव्याचे टाके घातलेत आधी.