डावीकडून किती, वरून किती

म्हापशाच्या बाजाराचा नकाशा
फेर्मीनबाबांनी एक्सेलमध्ये काढला.
नकाशाचं सॉफ्टवेअर पालिकेकडे नव्हतं.
माऊस होता,
आणि निवृत्तीला दीड वर्ष.

दोनशे तेरा आयत.
मयड्याची केळी पिवळी, सुकी मासळी राखाडी,
चोरीसवाल्यांना दिलेला तांबडा
रंगपेटीत कुठेच नाही,
तो त्यांनी बसून कालवलेला असणार.
कोपऱ्यात प्रमाण लिहिलंय: दहा पॉइंट, एक वीत.
कोणाची वीत, ते लिहिलेलं नाही.

आता ते अस्नोड्याला घरी, आणि फाईल माझ्याकडे.
वरून कागद आला:
प्रत्येक जागेचं माप आणि ठिकाण, सोमवारपर्यंत.
सोपो यापुढे चौरस मीटरवर.

एकेक आयत टिचकावत बसले असते
तर शिगमो उजाडला असता.
म्हणून मॅक्रो लिहिला, अकरा ओळींचा.
शीटवरच्या प्रत्येक आकाराला म्हणायचं:
नाव सांग.
डावीकडून किती, वरून किती,
रुंद किती, उंच किती.
झालं? मग पुढचा.

एफ फाइव्ह दाबलं
आणि बाजार रकान्यांतून खाली उतरू लागला.
आयत ४. आयत ५. आयत १७.
मधले अकरा काढून पुसले असतील,
माणसं गेली असतील, किंवा रेघ वाकडी आली असेल.
आयत १८: डावीकडून ३१२, वरून ९६.५.
मॅक्रोला गटार ठाऊक नाही, पिंपळ ठाऊक नाही.
शीटचा डावा वरचा कोपरा तेवढा ठाऊक,
जग तिथून सुरू होतं.

आयत ६० गटारामुळे तिरका बसतो.
मॅक्रोने त्याचे आकडे दिले ते सरळ बसल्यासारखे,
फोटोसाठी मान धरून सरळ करावी तसे.
तिरकेपणा वेगळा विचारावा लागतो.
बारावी ओळ घातली. उत्तर आलं, चौदा अंश.

यादी मात्र दोनशे चौदाची.

पडद्यावर मोजले. दोनशे तेरा.
चहा पिऊन आले, मोजले. दोनशे तेरा.
मग आकडे उतरत्या क्रमाने लावले
तेव्हा आयत ८८ आणि आयत १४१
शेजारीशेजारी येऊन उभे राहिले,
चारही आकडे सारखे, दशांशासकट.

१४१ धरून बाजूला ओढला.
खाली दुसरा, फिकट निळा,
आत मुंगीएवढ्या अक्षरांत:
सत्यवती, अबोली, नऊपर्यंत. मग एस्पेरांसा.

शुक्रवारी टेप घेऊन गेले.
नऊला पाच कमी असताना सत्यवतीने
उरलेले वळेसर पानात बांधले,
ओल्या फडक्याने फरशी पुसली.
एस्पेरांसा माडाच्या गुळाची पाटी घेऊन उभीच होती.
दोघी बोलल्या नाहीत.
पाटी टेकली.
एक अबोली राहिली होती, ती गुळाच्या ढेपेखाली गेली.

फेर्मीनबाबांना फोन केला.
लपवलात का, विचारलं.
"लपवला कुठे? एकावर एक ठेवला.
बसतात तशा."
मागे कोंबडा ओरडत होता. त्यांनी फोन ठेवला.

कागदावर जागेचा क्रमांक मागितलाय, क्षेत्रफळ मागितलंय.
दोन ओळी लिहिल्या तर एका फरशीचे दुप्पट पैसे,
एक लिहिली तर दोघींतली एक नाही.
मी शेवटी एक रकाना वाढवला: किती वाजता.
दोनशे बारा ओळींत तो रिकामा आहे.
साहेब विचारतील, हा कोणी सांगितला?
बघू सोमवारी.

जायच्या आधी १४१ परत जागेवर नेला.
हाताने नाही, हाताने अर्धा पॉइंट हुकतो.
आकडे लिहून सांगितलं,
डावीकडून इतकं, वरून इतकं,
आणि तो सरकला,
निळा पुन्हा त्याच्याखाली.